मंत्र्यांची चिठ्ठी

साल ब्याऐंशी. मुंबईत विधानसभेत अर्थसंकल्पावर चर्चा चालू होती. साकोलीतून पहिल्यांदाच निवडून आलेले आमदार तुलाराम बोलायला उठले.

"अध्यक्ष महाराज, आमच्या इकडं धान तलावाच्या पाण्यावर पिकते. तलाव दरसाल फुटून राहिले. बजेटात आधी त्याइले पैसे द्या, विश्रामगृह मंग बांधा."

त्यांची बोली ऐकून काही जण हसले. तेवढ्यात त्यांच्याच पक्षाच्या मंत्र्यांची चिठ्ठी घेऊन शिपाई आला. तुलारामांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्याच हातात परत दिली.

"मले वाचता येत नाही. समोरच्या बाकावर द्या, ते मोठ्यानं वाचतीन."

विरोधी आमदारानं खणखणीत आवाजात वाचली. "तलावांचा विषय सोडा, नाहीतर पुढच्या वेळी तिकीट विसरा." लघुलेखकांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात मंत्री संतापले. "अडाणी आहात, हे आधी सांगायचं ना."

"बावीस वर्षं मास्तर होतो, साहेब. वर्गात चिठ्ठी सापडली, का सगळ्यायसमोर वाचाले लावत होतो."