पिवळा ठिपका

ठिपका अजून पिवळाच होता.

"हलू नकोस हां," पायलने त्याला दम दिला. मग जीभ चावली. "म्हणजे, हल. पण हिरवा हो."

कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत ओळी एकेक करून वर सरकत होत्या. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. लखनौच्या सरोजिनी नगरातल्या या घरावरून विमानं इतकी खालून जायची की कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू यायची नाही. नागसेनदादाच्या खुर्चीत बसल्यावर पायलला वाटत होतं, ती सगळी विमानं आपणच उतरवतोय. आजवर त्या खुर्चीला हात लावायची परवानगी नव्हती. पण आज दादाला ताप होता. आतल्या खोलीत जाऊन पडण्याआधी तो म्हणाला होता, "फक्त बघत बस. हिरवा झाला की हाक मार. बाकी कशाला हात लावायचा नाही, समझी?"

"समझी, सर!" पायलने सलाम ठोकला होता. अकरावीला कॉम्प्युटर घेतल्यापासून तिला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती.

दादाची कंपनी पुण्याची, काम घरून. त्याने कोड पाठवला की कुठेतरी दूर बसलेला सर्व्हर तो आपोआप तपासायचा. तपासणी चालू, तर ठिपका पिवळा. पास झाला तर हिरवा, नापास झाला तर लाल. आईला त्यातलं एकच कळायचं. पिवळा असताना नागसेनला सब्जी आणायला पाठवायचं नाही. ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी ती दारातूनच विचारायची, "झालं का रे काम?" दादा आतून म्हणायचा, "झालं, आई." मग आई अशी खुलायची, जणू तो सर्व्हर तिच्या माहेरचाच.

येत्या रविवारी नागपूरचे पाहुणे दादाला बघायला येणार होते. मुलगी शाळेत शिक्षिका होती. लखनौला यायचं म्हणून ती नोकरी सोडायला तयार झाली होती. "काही काळजी करू नका," आई फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती, "आमच्या नागसेनची नोकरी पक्की आहे."

ठिपका हिरवा झाला.

पायल हाक मारणारच होती, पण खुर्ची सोडवेना. आणि दादानेच तर शिकवलं होतं, "नुसत्या हिरव्यावर भरोसा ठेवायचा नाही, यार. आत नेमकं काय तपासलं ते विचारायचं. एका कमांडचं तर काम आहे."

तिने ती कमांड टाईप केली.

उत्तर इंग्रजीत आलं, पण त्याचा अर्थ अगदी साधा होता. थांब. 'ठीक आहे' असं लिही. पुन्हा थांब. पुन्हा लिही, 'ठीक आहे'. बस, एवढंच. सर्व्हरने काहीच तपासलं नव्हतं. सांगितलं तितका वेळ तो थांबला होता आणि हिरवा ठिपका लावून मोकळा झाला होता.

"दादा, तू पण ना!" पायलला हसूच आलं. एवढा मोठा इंजिनियर आणि अशी गलती! तिने कालची तपासणी उघडली. थांब, ठीक आहे, थांब. परवाचीही तशीच. मागच्या आठवड्यातलीही. प्रत्येक ठिकाणी नाव एकट्या नागसेनचं. जेवताना दादा कंपनीतल्या ज्या सुबोध सरांचे किस्से सांगायचा, त्यांचं नाव कुठेच नव्हतं. कंपनीचंही नव्हतं.

पायलचं हसू कधी थांबलं ते तिला कळलं नाही.

हाक मारायची, 'हिरवा झाला' म्हणायचं. एवढंच तर होतं. पण मग रविवारी लग्न ठरलं असतं. आणि तिकडे नागपुरात एका शिक्षिकेने राजीनामा लिहिला असता.

पायलने थांबायला सांगणाऱ्या सगळ्या ओळी पुसल्या. त्यांच्या जागी एकच हुकूम लिहिला, 'नापास हो.' बदल कशासाठी केला ते लिहायच्या जागी तिने टाईप केलं, 'दादा, बाहेर ये.' आणि पाठवून दिलं.

ठिपका पिवळा झाला. मग लगेच लाल. आत दादाचा फोन थरथरला.

चादर गुंडाळून नागसेन दारात आला. "लाल? लाल होऊच शकत नाही."

"का नाही होऊ शकत, दादा?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. तिने लिहिलेलं वाचलं. डोक्यावरून विमान गेलं.

"कोणाला सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुलाच."

"फक्त रविवार होऊन जाऊ दे, पायल," तो हळूच म्हणाला. "प्लीज यार. परत हिरवा कर."

पायल खुर्चीवरून उठली. "मी नाही करणार. तूच कर."

नागसेन बसला. त्याची बोटं कीबोर्डवर आली. जिन्यात आईच्या चपला वाजल्या. मग दार ढकललं गेलं.

"काहून गं, दार उघडंच टाकलं?" आईच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्या हातातल्या पदराने ती घाम पुसत होती. रोजच्यासारखं तिने उंबऱ्यातूनच विचारलं, "झालं का रे काम?"

नागसेनची बोटं कीबोर्डवरच होती. तो लाल ठिपक्याकडे बघत राहिला. मग त्याने हात उचलून मांडीवर ठेवले.

"काम नाहीये, आई. होळीपासूनच नाहीये."