पाचारण

ताईने पलंगाच्या कडेला गुडघे टेकले तेव्हा सव्वानऊ वाजले होते, आणि ती जागा तिच्या धाकट्या भावाची होती. तो दारातच उभा राहिला. आता आपण कुठे जायचं, हे त्याला सुचेना.

बाहेर ताईच्या लॉन्ड्रीत मशीन रिकामं पडलं होतं. दहा वाजता हॉस्पिटलच्या साठ चादरी येणार होत्या. चारपर्यंत धुऊन, इस्त्री करून परत द्यायच्या. जमलं तर वर्षभराचं काम. नाही जमलं तर दुकानाला कुलूप, कारण बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली होती.

भावाला चर्चच्या मंडळीतले लोक 'प्रेषित' म्हणत. त्याला तो सन्मान वाटे. चार वर्षांपूर्वी त्याने फरशांच्या दुकानातली नोकरी सोडली, कारण प्रभू आपल्याला मोठ्या कामासाठी पाचारण करणार अशी त्याची खात्री पटली होती. काम कोणतं, ते कळलं नव्हतं. पण वरून बोलावणं यावं आणि आपण नेमके फरशा उचलत असावं, हे काही बरं दिसलं नसतं. तेव्हापासून तो नऊ ते बारा आणि दोन ते पाच, खोलीचं दार लावून, गुडघ्यांवर असे. मधला वेळ जेवणाचा. गेल्या रविवारी पाळकांनी उपासनेत आळशी माणसांची खरपूस हजेरी घेतली, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' प्रेषितच म्हणाला. असल्या लोकांची त्याला भारी चीड.

प्रार्थनेतल्या माणसाला उठवायचं नाही, घराला आग लागली तरी, असं वडील सांगून गेले होते. वडिलांची बाकीची शिकवण कुठे गेली कोण जाणे, पण ही एक प्रेषिताने जिवापाड जपली. हिच्याच आडोशाने त्याने खरकटी भांडी चुकवली, जिन्याचा रंग चुकवला, मामाचं घर हलवणं चुकवलं. ताईने एकदाही दार ठोठावलं नाही.

आज न्याहारीला मात्र तिने विचारलं होतं, "आज गठ्ठे उचलायला येतोस का रे? माझी पाठ धरलीय."

"विचारून सांगतो, ताई."

"कुणाला?"

प्रेषिताने चमचा छताकडे केला.

"मग आज मीच विचारते," ताई हात पुसत म्हणाली. "चार वर्षं झाली, तुझा फोन काही लागत नाहीये."

आणि ती सरळ आत गेली होती.

प्रेषित खोकला. दोनदा खोकला. स्टूल पाडून पाहिलं. ताई हलली नाही. हाक मारावी तर वडील आडवे येत होते. दहाला दुकानाची घंटा वाजली. गाडीवाल्याने गठ्ठे दारात टाकले होते.

"घेताय, का परत नेऊ?"

"माझी बहीण जरा..."

"बहिणीचं तुम्ही बघा. मला अजून तीन ठिकाणी जायचंय. सही कोण करतंय?"

प्रेषिताने वर पाहिलं. वर ओल आलेलं छत होतं. तिथून काही सूचना आली नाही. त्याने सही केली.

पहिल्या घाण्याला त्याने साबण इतका ओतला की फेस उंबऱ्यापर्यंत आला. दुसऱ्याला बेताने ओतला. इस्त्रीच्या रोलरने दोन बोटं भाजली, एका चादरीला तपकिरी डाग दिला. एक चादर वाळत असताना दुसरीची घडी घालायची, ती घालताना तिसरी आत सरकवायची, हे गणित जमेपर्यंत बारा वाजून गेले. स्वयंपाकघरात भांडी पालथी होती. कावळे ओरडू लागलेल्या पोटाने तो परत रोलरपाशी आला. त्या दोन-तीन तासांत तो प्रभूशी जेवढं बोलला तेवढं चार वर्षांत बोलला नव्हता. बहुतेक तक्रारीच होत्या. पण मनापासून, आणि मध्ये खंड न पडता.

दीडला मात्र त्याचा संयम सुटला. वडील गेले खड्ड्यात, असं ठरवून तो खोलीत शिरला. तोंड उघडलं आणि तसाच थांबला.

ताईचं डावं कोपर गादी आणि पलंगाच्या फळीमधल्या खाचेत रुतलं होतं. कपाळ मनगटावर. हनुवटी आत, म्हणजे घोरणं बाहेर जात नाही. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई प्रभूच्या पायाशी लीन झालीय. जगात एकाच माणसाला हे बघून खरं काय ते कळलं असतं, आणि तो तिच्या मागेच उभा होता. ही बैठक साधायला त्याला आठवडे लागले होते. ताई अजून नवखी होती, उजवीकडे घसरत चालली होती. तासाभरात नक्की पडली असती.

तो बाहेर गेला, नुकतीच इस्त्री झालेली गरम चादर घेऊन आला आणि तिच्या उजव्या बरगडीखाली सारली. कुठे आणि किती जाड, हे त्याला विचारावं लागलं नाही. मग दार ओढून घेऊन तो उरलेल्या घाण्याकडे वळला.

चारला गाडीवाला आला. त्याने घड्या बघितल्या, डागाची चादर बोटाने उचकली, पुन्हा मिटली. "चालेल. उद्या दहालाच आणू?"

"आणा."

"अन् एक चादर कमी भरतेय."

"ती वापरात आहे. उद्या देतो."

गाडीवाल्याने बंद दाराकडे मान वळवली. "बहीण अजून आतच? करतायत काय एवढा वेळ?"

"प्रार्थना," प्रेषित आवाज खाली आणून म्हणाला. "चार वर्षांची तुंबलीय."