खिंडीतला तेली

खिंड जवळ आली तशी तामारबाईंच्या छातीतली धडधड वाढली. चढाचा दोष नव्हता. मुठीतला गोटा घामानं ओला झाला होता. थडगं नसलंच तर? गुरांच्या पायाखाली, एखाद्या जेसीबीखाली गेलं असेल तर?

त्यांचे आजोबा, एझ्रा तेली, एका शुक्रवारी रोह्याहून तेल विकून परतताना या खिंडीतच गेले. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा कामबंदीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो; त्याच्या आत माती द्यायला हवी, म्हणून त्यांना तिथंच पुरलं. वडील दर वर्षी येऊन थडग्यावर एक दगड ठेवायचे. ज्यू लोकांत फुलं वाहत नाहीत, दगड ठेवतात. मग सगळं घर इस्राएलला गेलं. वडील मरताना म्हणाले, "बाबांकडं मागं कुणी गेलं नाय गो." ते वाक्य बाईंना आजवर टोचत होतं. सत्तरीत, दुखऱ्या गुडघ्यांनी, डोंगरवाटेची ही सहल त्यांनी तेवढ्यासाठी गाठली होती. बोलल्या मात्र कुणालाच नव्हत्या.

खालच्या गावातली नूतन गाईड म्हणून पुढं होती. ती खिंडीत थांबली. समोर छातीएवढा दगडांचा ढीग होता.

"हे तेल्याचं भूत," ती सगळ्यांना म्हणाली. "शनिवारी घाणा न लावणारा तेली. दगड न ठेवता जो खिंड ओलांडतो, त्याला हा रानात चकवतो. चला, ठेवा एकेक."

मंडळी खिदळत दगड शोधू लागली. एकानं भुताबरोबर सेल्फी काढला.

शनिवारी घाणा न लावणारा! शब्बाथ पाळणारे बाईंचे आजोबाच ते. थडगं सापडलं होतं आणि त्याची ही अशी शोभा झाली होती. कुणाचं थेंबभर तेल कधी मारलं नाही त्या माणसानं, आणि गावानं त्याचं भूत करून टाकलं. त्यांना रडू आलं, त्याहून जास्त राग आला.

मंडळी पुढं सरकल्यावर त्या नूतनला म्हणाल्या, "भूत नाय ते. माझे आजोबा हायत."

नूतनचा चेहरा उतरला. ती बाईंच्या मुठीतल्या गोट्याकडे बघत राहिली. मग तिनं ढिगाजवळचा एक धोंडा ओढणीनं झाडला आणि बाईंना त्यावर बसवलं.

"भूतबीत काय नाय, मावशी. ते माझ्या पणजीनं उठवलंय. तुमचे वडील वर येताना तिच्याकडंच पाणी प्यायचे. तुम्ही लोक गेल्यावर दर वर्साला दगड ती ठेवायची. मग तिचे गुडघे गेले." नूतननं ढिगावरून हात फिरवला. "देवाचा दगड लोक विसरतात. भुताचा कोण विसरतंय?"