मूठभर पावटा

दुष्काळाच्या त्या वर्षी उचगावात परसातल्या पावट्यावर मावा पडला. वेलावर जे काही वाचलं, ते मूठभर दाणे अक्काताईनं बियाण्याला काढून ठेवले. नात बेबी सरकारी लापशीच्या रांगेतून उपाशी परत आली, तरी अक्काताईनं त्यातला एक दाणा शिजवू दिला नाही.

"राख लावून गाडग्यात भर, न्हाय तर कीड लागंल," तिनं सून गुणाबाईला बजावलं.

मिरगाला पेरायचं म्हणून गाडगं उघडलं, तर आत नुसता भुगा आणि किडे.

"राख न्हाय लावलीस व्हय गं? एवढं साधं काम!"

गुणाबाई खाली बघत म्हणाली, "साऱ्या गल्लीत मागून आलते, आत्याबाई. चूल कुणाचीच पेटली न्हवती."