धाकट्याच्या वरचं माणूस

मुलाखतीच्या खोलीतून धाकटा बाहेर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं वहिनीने टाळलं.

धाकटा म्हणजे तिचा दीर. घरातलं नाव ऑफिसातही चिकटलं होतं. छोट्या दवाखान्यांना औषधं संपत आल्याचं आधीच कळवणारं सॉफ्टवेअर, ही कल्पना तिची. पण ते उभं केलं त्याने, तिच्याच घरी जेवणाच्या टेबलाशी बसून. आता गुंतवणूकदार पैसे घालायला तयार होते. अट एकच: माणसं वाढणार, तर मोठी टीम सांभाळलेलं कुणीतरी धाकट्याच्या वर आणा. "घरच्या माणसांवर घर चालतं, कंपनी नाही," असं त्यांच्यातला एकजण हसत म्हणाला होता. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं, आणि पटलंही होतं.

हे धाकट्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, या विचारात तिने बरेच दिवस काढले. शेवटी सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मग निवडताना मलाही बसव. माझ्या डोक्यावर कोण बसणार, ते बघू तरी दे."

आजची बाई तिघा उमेदवारांतली शेवटची.

"कशी वाटली?" वहिनीने विचारलं.

"हिलाच घे."

"पहिले दोघे तर तुझं केवढं कौतुक करत होते."

"म्हणून तर." तो खुर्चीवर टेकला. "त्यांनी माझं काम वाचलंच नव्हतं. हिने वाचलंय. मला विचारलं, हे तुमच्याशिवाय कुणाला कळतं?"

"मग?"

"म्हटलं, कुणालाच नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं." तो थांबला. "तर म्हणाली, उद्या तुम्ही आजारी पडलात, तर दवाखान्यांनी काय करायचं?"

या पोराने कितीदा ताप अंगावर काढून काम केलं होतं, हे तिला ठाऊक होतं. ती त्याला कधी 'झोप जा' म्हणाली नव्हती.

बाई रुजू झाल्या. नवी मुलं-मुली घेतली, ती धाकट्याच्या शेजारी बसवली. त्याच्या डोक्यातलं सगळं हळूहळू त्यांच्या हातात उतरवलं. मग एक दिवस त्याला सक्तीची रजा दिली. "फोन बंद ठेवा," बाईंनी बजावलं. "आमचं घोडं कुठे अडतं, ते आम्हालाही कळू दे."

रजा संपायच्या आधीच त्याचा फोन आला. बाईंना नाही, वहिनीला.

"काही बंद पडलं का?"

वहिनीने काचेपलीकडे पाहिलं. मुलं एका स्क्रीनभोवती वाकून वाद घालत होती. मध्येच कुणीतरी खळखळून हसलं.

"परवा अडलं होतं. पोरांनी सोडवलं."

"बाईंनी सांगितलं असेल, कसं सोडवायचं ते."

"नाही. त्या नव्हत्याच."

"बरं झालं," धाकटा म्हणाला. ते मनापासूनचं होतं, हे तिला कळलं. पण त्याने फोन ठेवला नाही, आणि तिनेही.