पिंजून काढलेली बाग

साहेब, शिंप्याची पोर बागेतून नाहीशी झाली, त्याला महिना झाला आणि काल तुम्ही ‘अख्खी बाग पिंजून काढली, काही सापडलं नाही’ असं लिहून फाइल बंद करून टाकलीत.

आज रविवार. बागेतला कचरा उचलायला हौसेनं जमलेल्या मंडळींत शिंपीही शिरला. तो एकेक झुडूप हातांनी चाचपत होता.

“काका, पहिल्यांदाच आलात वाटतं? अहो, झाडांना पानं तरी ठेवा!” एक बाई म्हणाली.

तो हसल्यासारखं करून पुढच्या झुडपात शिरला. फाटकापासून जेमतेम दहा पावलांवर त्यानं चिखलातून दप्तराचा तुटका बंद ओढून काढला. त्यावरचे दुहेरी टाके त्याच्याच हातचे होते.



साहेब, खरं सांगा, तुमच्यातला एक जण तरी तिथं खाली वाकला होता का?