पोरीच्या कार्डावर

“आता हे कुणाचं?” हिंमतरावांनी ओसरीवरचं खोकं पायानं बाजूला सारलं.

“अजीजाबींचं. गुडघ्याचा पट्टा हाय,” सारजाबाई म्हणाल्या. “खालचं बब्रुवानभाऊंच्या फवारणी पंपाचं. लाथाडू नका.”

घराला पोस्ट ऑफिसची कळा आली होती. सुरुवात झाली ती राजेश्वरीच्या टॅबपासून. लेकीला कळंबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा तिथल्याच अक्रमच्या दुकानातून विद्यार्थ्यांच्या सवलतीत टॅब घेतला. त्याच कार्डावर ऑनलाइन खरेदीची विद्यार्थ्यांची मेंबरशिपही मिळाली, माल स्वस्त आणि घरपोच फुकट, असं सारजाबाईंनी अजीजाबींना सांगितलं. वर ‘कुणाला बोलू नका’ असं बजावलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालंच.

तेव्हापासून गाव त्यांच्या दारात. मागणी सारजाबाईच नोंदवायच्या, आपल्या फोनवर, एका बोटानं. कुणी डोकावलं तर फोन पदराआड जायचा. “पोरीचा पासवर्ड हाय,” म्हणायच्या. आणि प्रत्येकाला न चुकता ऐकवायच्या, “कॉलेजचं कार्ड हाय तवर हे. कॉलेज सुटलं की बंद.”

राजेश्वरीला या सगळ्याचा वैताग यायचा. अभ्यासाला बसावं तर ओसरीवर कुणीतरी चपलेचा नंबर सांगत असायचं. “आई, माझ्या कार्डाची पाणपोई केलीस तू,” ती म्हणायची. सारजाबाई हसून सोडून द्यायच्या. भोळी बाई आहे, कुणाला नाही म्हणता येत नाही तिला, असं सगळेच म्हणत.

खोकं सारून हिंमतराव खाटेवर बसले. “माकणीचं स्थळ आलंय. पोरगा नोकरीला हाय. दिवाळीनंतर उरकून टाकू. सोमवारी कॉलेजातनं दाखला काढतो.”

राजेश्वरी आतून बाहेर आली. “माझं शेवटचं वर्ष हाय, आप्पा.”

“त्यांना शिकलेली चालती. शिकणारी न्हाय.”

“मग मला ते चालत न्हाईत.”

“आवाज खाली.”

“न्हाय करणार. तुम्ही दाखला काढला, तर मी परत नेऊन जमा करीन. पावण्यांना पोहे द्यायला बोलवा, येते की. पण ते विचारतील त्याची खरी उत्तरं देईन.”

हिंमतरावांचा चेहरा लाल झाला. गावात शब्दाला मान असलेला माणूस, आणि घरात लेक ऐकेना.

राजेश्वरीनं आईकडं पाहिलं. सारजाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या.

“तू तरी बोल की!”

“त्यांच्यापुढं माझं काय चालतंय बाई,” म्हणत सारजाबाईंनी सूप खाली ठेवलं, अजीजाबींचं खोकं उचललं आणि त्या निघून गेल्या.

राजेश्वरीला आईची चीड आली, पार रडू येईपर्यंत. लेकीचं आयुष्य पणाला लागलंय आणि ही बाई पट्टा पोचवायला चालली! त्याच तिरीमिरीत तिनं टॅब उघडला आणि मोठ्यानं वाचायला बसली. आप्पांना नीट ऐकू जावं, असं.

सकाळी हिंमतराव तोंड धूत होते, तोच अंगणात माणसं जमली. सगळ्यांत पुढं अजीजाबी, गुडघ्याला नवा पट्टा बांधून.

“हिंमतभाऊ, पोरीचं कॉलेज बंद करताय म्हणं?”

“घरचा मामला हाय, भाभी.”

“घरचा कसा?” बब्रुवान पुढं झाला. “माझा मोटारीचा स्टार्टर वाटंत हाय. भजनी मंडळानं माईक बघून ठेवलाय. पदवी तरी होऊ द्या की.”

“माझ्या पोरीचं लगीन तुमच्या खोक्यांनी ठरवायचं व्हय?”

“तसं न्हाय.” बब्रुवानचा आवाज चढला नाही. “पण माकणीवाले चौकशीला येणार ते आमच्याच दारात. त्यांना काय सांगायचं, ते आमी ठरवू.”

“म्या तर सांगणार,” अजीजाबींनी जोडलं, “बाप शब्दाचा पक्का न्हाय. हौसंनं कॉलेजात घातली अन् अर्ध्यातनं काढली.”

सोयरीक जुळायची तर पाहुणे आधी गावात चार घरी विचारतात, मग मुलीच्या घरचा चहा घेतात. हे हिंमतरावांना कुणी शिकवायला नको होतं. असल्या एका वाक्यानं त्यांनी स्वतःच दुसऱ्यांची स्थळं परत पाठवली होती.

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “होऊ द्या तिची पदवी. मग बघू.”

राजेश्वरी दारात उभी होती. कालपर्यंत डोक्याला ताप वाटणारी ही माणसं तिला आज आईपेक्षा जवळची वाटली. आई मागं चुलीपाशी होती. ती बाहेरसुद्धा आली नव्हती.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर राजेश्वरी तडक अक्रमच्या दुकानात गेली आणि तिनं काउंटरवर कार्ड ठेवलं.

“अक्रमभाई, माझी मेंबरशिप संपायच्या आधी पुढं वाढवून द्या. गावाचं काही अडायला नको.”

अक्रमनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “ह्याच्यावर तर फक्त टॅब घेतलाय, ताई. तवा तुला अठरा पुरी नव्हती. मेंबरशिप झालीच न्हाय.”

“मग आत्ता चालू हाय ती कुणाची?”

“ती काकूंची. साधी, कुणीबी घ्यावी अशी. तुझं कॉलेज असो-नसो, चालूच राहती. मला वाटलं, तुला म्हाईत असंल.” त्यानं कार्ड तिच्याकडं परत सरकवलं. “काकूंनी तवाच बजावलं हुतं मला. गावातलं कुणी इचारलं तर सांग, पोरीच्या कार्डावर हाय. कॉलेज सुटलं की बंद पडती.”